माहितीपटांचे अर्थसाहाय्य

माहितीपटांचे अर्थसाहाय्य म्हणजे माहितीपटाचे संशोधन, चित्रीकरण, संकलन आणि प्रसार यांसाठी निर्मात्यास शासन, सांस्कृतिक संस्था, प्रक्षेपण वाहिन्या अथवा जनतेकडून मिळणारा निधी होय. हा निधी मिळवण्यासाठी करावयाच्या अर्जाचा व प्रस्तावाचाही या संज्ञेत समावेश होतो. कथापटाचा निर्माता गुंतवलेले भांडवल तिकीटविक्रीतून वसूल होईल अशी अपेक्षा धरतो. माहितीपटास तशी बाजारपेठ क्वचितच लाभते. म्हणून त्याची निर्मिती बहुतांशी परतफेड न करावयाच्या अनुदानावर, संस्थेने सोपवलेल्या कामावर किंवा दिग्दर्शकाच्या स्वतःच्या पैशावर अवलंबून असते.

या व्यवहाराची मुख्य अडचण काळाची आहे. अर्ज, छाननी, मुलाखत आणि करार यांत अनेक महिने जातात. पूर, आंदोलन किंवा एखाद्या वृद्ध कलावंताचे अखेरचे दिवस मात्र तेवढे थांबत नाहीत. त्यामुळे माहितीपटाचे पहिले चित्रीकरण बहुधा निधीविनाच होते आणि तेच पुढे निधी मिळवण्याचा आधार ठरते.

## संज्ञा

मराठीत 'माहितीपट' या शब्दाबरोबर 'अनुबोधपट' हा शब्दही वापरला जातो. 'लघुपट' ही संज्ञा लांबीवरून आलेली असून ती कथात्म व अकथात्म अशा दोन्ही प्रकारांना लागू पडते. अर्थसाहाय्याच्या संदर्भात पुढील भेद महत्त्वाचे आहेत :

* अनुदान – परत न करावयाची रक्कम. चित्रपटाचे हक्क सामान्यतः निर्मात्याकडे राहतात.
* सोपवलेली निर्मिती – संस्था विषय व रक्कम ठरवते अथवा मान्य करते. हक्क बहुधा संस्थेकडे जातात.
* सहनिर्मिती – दोन किंवा अधिक निर्माते खर्च, हक्क व उत्पन्न यांची करारानुसार वाटणी करतात.
* पूर्वविक्री – चित्रपट पूर्ण होण्यापूर्वीच वाहिनी प्रक्षेपणाचे हक्क विकत घेते.
* लोकवर्गणी – अनेक व्यक्तींकडून गोळा केलेल्या लहान रकमा.

## इतिहास

### आरंभकाळ

भारतातील आरंभीचे वास्तवचित्रण हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर उर्फ सावेदादा यांनी केले. छायाचित्रणाच्या व्यवसायात असलेल्या सावेदादांनी स्वतःच कॅमेरा मागवून १८९९ मध्ये मुंबईत एक कुस्ती चित्रित केली. केंब्रिज येथे रँग्लर झालेल्या र. पु. परांजपे यांचे १९०१ मध्ये मुंबईत झालेले स्वागतही त्यांनी टिपले. या चित्रणामागे कोणतीही अनुदान देणारी संस्था नव्हती.

निधी मिळवण्यासाठी चित्रीकरणाचा नमुना दाखवण्याचे भारतातील एक प्रसिद्ध उदाहरण दादासाहेब फाळके यांचे आहे. इंग्लंडहून १९१२ मध्ये कॅमेरा आणल्यानंतर त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित करून 'अंकुराची वाढ' ही छोटी फीत तयार केली. ती निवडक मंडळींना दाखवल्यावर यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्या परिचितांनी कर्ज देण्याची तयारी दर्शवली. सरस्वतीबाई फाळके यांचे दागिनेही तारण म्हणून उपयोगी पडले. या भांडवलावर उभा राहिलेला 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. फाळक्यांचा अंतिम उद्देश कथापटाचा होता; तथापि ज्या फितीच्या बळावर पैसा उभा राहिला ती निसर्गातील वास्तव प्रक्रियेची होती.

कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीस गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल पुरवले. छत्रपती शाहू महाराजांच्या काळातील संस्थानी आश्रयाचाही त्या कंपनीस लाभ झाला. खाजगी धनको आणि राजाश्रय हे त्या काळातील चित्रपटांच्या अर्थपुरवठ्याचे दोन प्रमुख मार्ग होते.

### शासकीय निर्मिती

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने युद्धप्रचारासाठी फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन केले. व्ही. शांताराम यांनी काही काळ त्याचे काम पाहिले. त्यानंतर १९४३ मध्ये इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया ही संस्था आली आणि चित्रपटगृहांना सरकारमान्य लघुपट दाखवणे बंधनकारक झाले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली. वृत्तचित्रे व माहितीपट मुख्य चित्रपटापूर्वी दाखवण्याची सक्ती पुढील अनेक दशके चालू राहिली. फिल्म्स डिव्हिजन स्वतःच्या दिग्दर्शकांकडून चित्रपट करवून घेई, तसेच बाहेरच्या निर्मात्यांनाही कामे सोपवी. या व्यवस्थेमुळे माहितीपटाला निश्चित पैसा आणि मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला. मात्र विषय, लांबी व सूर यांवर शासकीय मर्यादा राहिल्या.

माहितीपट, लघुपट व ॲनिमेशनपटांना वाहिलेला आंतरराष्ट्रीय महोत्सव मुंबईत १९९० पासून भरू लागला. मार्च २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजनचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले.

### स्वतंत्र माहितीपट

आणीबाणीच्या आगेमागे शासकीय चौकटीबाहेरचा माहितीपट आकारास आला. आनंद पटवर्धन यांनी 'हमारा शहर', 'राम के नाम' आदी चित्रपट शासकीय निर्मितियंत्रणेबाहेर राहून केले. आधीच्या चित्रपटांच्या प्रतींची विक्री, महोत्सव, पारितोषिके आणि प्रक्षेपणहक्क यांतून पुढील चित्रपटाचा खर्च भागवणे हे या कार्यपद्धतीचे वैशिष्ट्य होय. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात झालेल्या गोळीबारानंतर आणि त्यामुळे व्यथित झालेल्या शाहीर विलास घोगरे यांच्या आत्महत्येनंतर पटवर्धन यांनी सुरू केलेले चित्रीकरण सुमारे चौदा वर्षे चालले. त्यातून 'जय भीम कॉम्रेड' हा चित्रपट २०११ मध्ये पूर्ण झाला. इतक्या दीर्घ कालावधीचे काम ठरावीक मुदतीच्या अनुदानात बसवणे कठीण असते.

## निधीचे स्रोत

* सार्वजनिक संस्था – राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन यांच्याखेरीज साहित्य अकादमी लेखकांवरील माहितीपट करवून घेते. महाराष्ट्र शासनाचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालयही माहितीपटांची निर्मिती करते. राज्य शासनाची दर्जेदार मराठी चित्रपटांसाठी असलेली अर्थसाहाय्य योजना ही मुख्यत्वे पूर्ण झालेल्या कथापटांच्या परीक्षणावर आधारलेली आहे.
* विश्वस्त संस्था – नवी दिल्ली येथे २००० मध्ये स्थापन झालेल्या पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टने प्रस्ताव मागवून स्वतंत्र दिग्दर्शकांकडून शेकडो माहितीपट करवून घेतले व त्यांपैकी अनेक दूरदर्शनवर दाखवले. बंगळूर येथील इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था १९९५ पासून कलाविषयक संशोधन व निर्मितीस अनुदान देत आहे.
* शैक्षणिक संस्था – मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत अंजली मोंतेरो व के. पी. जयशंकर यांनी केलेला 'साचा' (२००१) हा कवी नारायण सुर्वे व चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्यावरील माहितीपट या वर्गात मोडतो.
* परदेशी निधी – अमेरिकेतील सनडान्स संस्थेचा माहितीपट निधी आणि ॲमस्टरडॅमच्या इडफा महोत्सवाशी संलग्न असलेला बर्था निधी हे प्रमुख होत. संशोधन, चित्रीकरण, संकलन अशा निरनिराळ्या टप्प्यांसाठी या वर्गातील निधींकडे वेगवेगळे अर्ज करता येतात.
* सादरीकरणाचे मेळावे – कोलकात्यातील डॉकएज आणि गोव्यातील फिल्म बाजार यांसारख्या ठिकाणी दिग्दर्शक आपला प्रकल्प निधीदात्यांपुढे व वाहिन्यांपुढे थोडक्या वेळात मांडतात.
* लोकवर्गणी – खुशबू रांका व विनय शुक्ल यांच्या 'ॲन इन्सिग्निफिकंट मॅन' या माहितीपटासाठी देशविदेशांतून वर्गणी जमवण्यात आली होती.

## अर्जाचे घटक

निधीदात्यांचे नमुने वेगवेगळे असले तरी पुढील भाग बहुतेक अर्जांत मागितले जातात.

सार – चित्रपट कोणाविषयी आहे आणि त्यात कोणता पेच आहे हे एकदोन वाक्यांत सांगणे.

विषयाची मांडणी – पार्श्वभूमी, प्रमुख व्यक्ती, स्थळ, आणि हा चित्रपट आजच का करावयाचा याचे उत्तर. विषयाचे महत्त्व सांगणारा निबंध आणि चित्रपटाचा प्रस्ताव यांत फरक आहे. पडद्यावर काय दिसेल व काय ऐकू येईल हे प्रस्तावातून कळावे लागते.

दिग्दर्शकाची भूमिका – दिग्दर्शकाचा विषयाशी असलेला संबंध. ज्या समाजावर चित्रपट करावयाचा त्यात त्याला प्रवेश व विश्वास कसा मिळाला, याकडे परीक्षक विशेष लक्ष देतात.

चित्रीकरणाचा नमुना – काही मिनिटांची संकलित फीत. आकर्षक जाहिरातीपेक्षा एखादा अखंड प्रसंग अधिक उपयोगी ठरतो. कारण प्रमुख व्यक्ती कॅमेऱ्यासमोर सहज वावरते की नाही हे त्यावरून समजते.

वेळापत्रक, अंदाजपत्रक व निधीचा आराखडा – एकूण खर्चापैकी किती रक्कम हाती आहे, किती ठिकाणी अर्ज केले आहेत आणि उरलेली तूट कशी भरून काढणार, याचा हिशेब.

संमती व परवानग्या – सहभागी व्यक्तींची लेखी संमती, स्थळाची परवानगी, संगीत व जुन्या चित्रफितींचे हक्क.

प्रसाराची योजना – महोत्सव, वाहिनी, शाळा, ग्रामसभा अशा कोणत्या मार्गाने चित्रपट प्रेक्षकांपर्यंत पोहोचेल याचे विवेचन.

## अंदाजपत्रक

नवोदितांच्या अंदाजपत्रकांत कॅमेऱ्याचे भाडे व प्रवासखर्च नीट मांडलेले असतात. चित्रीकरणानंतरचा खर्च मात्र कमी धरला जातो. एका तासाच्या मुलाखतीचे शब्दशः लेखन करण्यास साधारण चार ते सहा तास लागतात. साठ तासांचे चित्रण असेल तर केवळ या कामासाठी अडीचशे ते साडेतीनशे तास लागू शकतात. त्यानंतर भाषांतर, संकलन, ध्वनिमिश्रण, रंगशुद्धी व उपशीर्षके हे टप्पे येतात. चित्रणाच्या किमान दोन प्रती वेगळ्या ठिकाणी ठेवण्याचा खर्चही आरंभीच धरावा लागतो.

दिग्दर्शकाचे मानधन शून्य दाखवणे हा काटकसरीचा पुरावा मानला जात नाही. बिनमोबदला केलेले श्रम, स्वतःचा कॅमेरा किंवा मित्राने दिलेली संकलनाची जागा यांची रक्कम 'वस्तुरूप योगदान' म्हणून दाखवण्याची पद्धत आहे. त्यामुळे चित्रपटाचा खरा खर्च कागदावर येतो आणि निर्मात्याचा वाटाही दिसतो. अनपेक्षित खर्चासाठी एकूण रकमेचा काही भाग, बहुधा पाच ते दहा टक्के, राखून ठेवला जातो.

## उदाहरण : नृसिंहवाडीचा दक्षिणद्वार सोहळा

स्थानिक विषयाचे प्रस्तावात रूपांतर कसे होते हे कोल्हापूर जिल्ह्यातील नृसिंहवाडीच्या उदाहरणावरून समजू शकते. शिरोळ तालुक्यातील हे दत्तक्षेत्र कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमावर वसले आहे. पावसाळ्यात नदीचे पाणी चढून मंदिरात शिरते, मनोहर पादुकांवरून वाहते आणि दक्षिण दरवाजाने बाहेर पडते. यास दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. पाणी वाढत असताना होणाऱ्या सोहळ्यास 'चढता' आणि ओसरताना होणाऱ्या सोहळ्यास 'उतरता' दक्षिणद्वार असे संबोधतात. या वेळी दक्षिणद्वारी स्नान करण्यासाठी भाविक गर्दी करतात. पाणी आणखी वाढल्यास मंदिर जलमय होते व उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेण्यात येते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांत शिरोळ तालुक्यास मोठी झळ बसली.

'नृसिंहवाडीचा दक्षिणद्वार सोहळा' हा केवळ विषय झाला. एकच पाणी आज तीर्थ ठरते आणि दोन दिवसांनी घर सोडावयास लावते, तेव्हा काठावरची माणसे त्याकडे कशी पाहतात, हा चित्रपटाचा प्रश्न झाला. निधीदाता विषयापेक्षा प्रश्नाला अधिक प्रतिसाद देतो. या प्रश्नाची उत्तरे पुजारी, नावाडी, पेढे-बासुंदीचे दुकानदार, नदीकाठचे ऊस उत्पादक आणि पूर ओसरल्यावर घरातील गाळ उपसणाऱ्या स्त्रिया यांच्याकडून वेगवेगळी मिळू शकतात. म्हणून प्रस्तावात यांपैकी नेमक्या कोणाचा मागोवा घ्यावयाचा हे सांगणे आवश्यक ठरते. परदेशी परीक्षकास दत्तसंप्रदाय परिचित असेलच असे नाही. त्यामुळे धार्मिक संदर्भ थोडक्यात व स्पष्ट द्यावा लागतो.

वेळापत्रकाच्या दृष्टीने हा विषय विशेष अवघड आहे. सोहळ्याची तिथी पंचांगात नसते. ती पाऊस आणि कोयना, राधानगरी आदी धरणांतून सोडलेले पाणी यांवर अवलंबून असते. काही वर्षी सोहळा एकाहून अधिक वेळा होतो. कोल्हापुरातून किंवा सांगलीतून पथक निघेपर्यंत पाणी चढून रस्ते बंद होण्याचा संभव असतो. अशा प्रस्तावात जून ते सप्टेंबर या काळात गावातच राहणारा छायाचित्रकार, प्रतीक्षेच्या दिवसांचे मानधन, नावेची व्यवस्था, यंत्रसामग्रीचा विमा आणि उंचावरील घरात साठवणीची सोय या बाबी अंदाजपत्रकात घ्याव्या लागतात. मंदिरातील चित्रीकरणासाठी देवस्थानची आणि ड्रोनसाठी संबंधित यंत्रणांची परवानगी पावसाळ्यापूर्वीच मिळवणे इष्ट असते. पूरग्रस्त व्यक्ती संकटात असताना घेतलेली संमती पाणी ओसरल्यावर पुन्हा विचारून पक्की करणे ही नैतिक जबाबदारी समजली जाते.

ऑगस्टमधील घटनेसाठी जूनमध्ये अर्ज करून उपयोग नसतो. पहिल्या वर्षी स्वखर्चाने थोडे चित्रण करावे, हिवाळ्यात त्याची नमुनाफीत तयार करून अर्ज करावा आणि पुढील पावसाळ्यात निधीच्या आधारे मुख्य चित्रीकरण करावे, असा क्रम व्यवहार्य ठरतो.

## टप्प्याटप्प्याने उभारलेले चित्रपट

महाराष्ट्रातील जत्रांतून फिरणाऱ्या तंबू सिनेमावरील 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) हा शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांचा माहितीपट दीर्घ व टप्प्याटप्प्याने झालेल्या कामाचे उदाहरण आहे. त्यांचे काम फिरत्या सिनेमाच्या संशोधनापासून सुरू झाले. मधेशिया यांच्या तंबूतील प्रेक्षकांच्या छायाचित्रांस २०११ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो पारितोषिक मिळाले. चित्रपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला व तेथील माहितीपट पारितोषिकाच्या परीक्षकांनी त्याचा विशेष उल्लेख केला. संशोधन, छायाचित्रे आणि चित्रपट ही तिन्ही एकाच कामाची फळे होत व प्रत्येक टप्प्याने पुढच्या टप्प्यास विश्वासार्हता दिली.

मुंबईतील दोन कोळी मित्रांच्या जीवनावरील सर्वनिक कौर यांचा 'अगेन्स्ट द टाइड' हा माहितीपट २०२३ मध्ये सनडान्स महोत्सवात विशेष परीक्षक पारितोषिकाचा मानकरी ठरला. स्थानिक बोली व व्यवसाय यांत रुजलेला विषय आंतरराष्ट्रीय पातळीवर पोहोचू शकतो, हे त्यातून दिसते.

## कायदेशीर बाबी

परदेशी अनुदानास विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० लागू होऊ शकतो. अशी रक्कम स्वीकारण्यासाठी संस्थेस केंद्र सरकारची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी घ्यावी लागते. दृक्‌श्राव्य बातम्या किंवा चालू घडामोडींचे कार्यक्रम निर्माण करणाऱ्या कंपन्या व संस्थांना विदेशी अंशदान घेण्यास या कायद्याने मनाई केली आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेस मिळालेले अंशदान दुसऱ्या संस्थेस हस्तांतरित करता येत नाही. व्यापारी व्यवहारातील मोबदल्याचे स्वरूप अनुदानाहून भिन्न असल्याने सहनिर्मिती किंवा हक्कविक्रीचा करार हा काही निर्मात्यांचा मार्ग आहे; मात्र प्रत्येक करार कायदेतज्ज्ञ व सनदी लेखापाल यांच्याकडून तपासून घेणे आवश्यक असते.

सार्वजनिक प्रदर्शनासाठी सिनेमॅटोग्राफ अधिनियम, १९५२ नुसार प्रमाणपत्र लागते. शासकीय मदत नसलेल्या चित्रपटांनाही सार्वजनिक प्रक्षेपणाचा मार्ग मिळू शकतो. आनंद पटवर्धन यांच्या 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध' या चित्रपटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो दूरदर्शनवर दाखवण्याचा आदेश दिला.

## मतभेद

अनुदान देणाऱ्या संस्थेच्या अग्रक्रमांचा विषयनिवडीवर परिणाम होतो, असा आक्षेप घेतला जातो. दारिद्र्य, आपत्ती व संघर्ष यांवरील प्रस्तावांना परदेशी निधी सहज मिळतो आणि संगीत, भाषा किंवा दैनंदिन जीवन यांवरील शांत विषय मागे पडतात, असे काही अभ्यासकांचे व दिग्दर्शकांचे मत आहे. याउलट, खुली स्पर्धा आणि बाह्य परीक्षक यांमुळे वशिल्यापेक्षा गुणवत्तेला वाव मिळतो, अशी दुसरी बाजू मांडली जाते.

दुसरा आक्षेप भाषेचा आहे. बहुतेक मोठ्या निधींचे अर्ज इंग्रजीत करावे लागतात. तालुक्याच्या गावी राहून विषयाची सर्वाधिक जाण असलेला मराठी दिग्दर्शक त्यामुळे महानगरातील इंग्रजी जाणणाऱ्या स्पर्धकाच्या मागे पडू शकतो. यावर उपाय म्हणून आधी मराठीत पूर्ण प्रस्ताव लिहून मग जाणकाराकडून त्याचे भाषांतर करून घेण्याची आणि त्या भाषांतराचा खर्च अंदाजपत्रकात दाखवण्याची पद्धत काही निर्माते अवलंबतात.

अर्ज नाकारला गेल्यास चित्रपटाचा विचार सोडून दिला जातोच असे नाही. अनेक निधीदाते सुधारित प्रस्ताव पुढील फेरीत स्वीकारतात. तोपर्यंत झालेले चित्रण मात्र वाया जात नाही. गेलेले माणूस किंवा ओसरलेला पूर पुन्हा चित्रित करता येत नसल्याने, पूर्ण न झालेल्या माहितीपटाचे मूळ चित्रणही कालांतराने स्थानिक इतिहासाचे साधन ठरते. ते तारीख, स्थळ व व्यक्तींच्या नोंदींसह जपून ठेवणे हा निर्मितीचाच भाग मानला जातो.

## हेही पाहा

* दादासाहेब फाळके
* बाबूराव पेंटर
* फिल्म्स डिव्हिजन
* आनंद पटवर्धन
* नृसिंहवाडी